खोलायची मजुरी

व्हॅन घरी आणली त्या संध्याकाळी मी इंजिनाला हात लावला नाही. टॉर्च घेऊन नुसती चालकाच्या सीटवर बसले. सीटची दाराकडची कड बसून गेली होती, शिवण उसवून आतला फोम दिसत होता. क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून पार गुळगुळीत, ब्रेकवरच्या रेघा निम्म्या शिल्लक, ॲक्सिलरेटरवरच्या मात्र जवळजवळ नव्या. हँडब्रेकच्या मुठीचा रंग बोटं पडतात तिथेच उडालेला. मीटरवर १,९०,००० किलोमीटर. विकणाऱ्यानं हा आकडा मला तीन वेळा सांगितला होता आणि तो खरा होता. पण मालवाहू गाडीचं वय नुसत्या किलोमीटरवरून कळत नाही, हे मला त्या तीन पेडलांनी सांगितलं.

मग हिशोब करत बसले. पार्सलं वाटणारी गाडी दिवसाला १२० ठिकाणी थांबते असं धरू. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३६,००० थांबे होतात. प्रत्येक थांब्याला सरकतं दार एकदा उघडणार, एकदा बंद होणार. हँडब्रेक ओढला जाणार. चालक सीटच्या त्याच कडेवरून घसरून खाली उतरणार. क्लच तीन-चार वेळा दाबला जाणार, म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. आता वेग बघा. लांब पल्ल्यावर ताशी ८० च्या सरासरीनं १,९०,००० किलोमीटर कापायला इंजिन २,३७५ तास चालावं लागतं. गल्लीबोळात ताशी २० च्या सरासरीनं तेवढंच अंतर कापायला ९,५०० तास. मीटरवर आकडा एकच, पण एका इंजिनानं दुसऱ्याच्या चौपट काम केलेलं असतं.

तरीही मी ती घेतली, कारण तिचा सांगाडा चांगला होता. घेण्याआधी मी अर्धा तास गाडीखाली झोपून काढला होता. दाराखालचे पट्टे, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) कान जिथे चॅसीला, म्हणजे सांगाड्याला, धरतात ती जागा, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिलं. चांगला पत्रा ठणकतो. सडलेला भदभद आवाज देतो आणि रंगाखालून खपली निसटते. इंजिन उतरवता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण गंजानं खाल्लेल्या चॅसीला पट्ट्या जोडत बसण्याला अंत नसतो. माझ्या मते जुनी व्हॅन बघायला जाताना इंजिनाचा आवाज नंतर ऐकावा, आधी खाली झोपावं.

तिसऱ्या आठवड्यात पहिलं मोठं काम निघालं. लाकडी कपाटं आणि एक जड टेबल भरून मी चढावर होते. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज वर गेला, पण गाडीचा वेग तिथेच. खिडकीतून जळल्याचा वास आला. क्लच स्लिप होत होता. रिकाम्या गाडीत हे कळत नाही, कारण दमलेली क्लचप्लेटही रिकामी गाडी ओढून नेते. शंका असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचे फेरे चढले आणि गाडी मागे राहिली, तर क्लच गेला.

ज्यांच्याकडे मी गाडी नेते त्या मेकॅनिककाकांनी कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे सामान, उजवीकडे मजुरी. सामानाचा आकडा मी ऐकून होते. मजुरीचा बघून माझी नजर त्यावरच थांबली.

"ताई, प्लेट बदलायला पंधरा मिनिटं लागतात," काका म्हणाले. "तिथपर्यंत पोचायला दिवस जातो."

मी तो दिवस तिथेच थांबून पाहिला. बॅटरी सुटली, खालचा पत्रा निघाला, ॲक्सल बाहेर आले, गिअरच्या केबल बाजूला झाल्या, इंजिनाला खालून टेकू लागला आणि मग गिअरबॉक्स जॅकवर हळूहळू उतरला. आत पाहिलं तर प्लेटवरचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेलं. त्याच पोकळीत बाकीची मंडळीही बसलेली होती. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, त्याच्याबरोबरचा स्लेव्ह सिलिंडर, क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील. सीलच्या कडेला तेलाची ओली रेघ होती. ते सील म्हणजे एक रबरी कडं, सगळ्या बिलात सर्वांत स्वस्त. पण सहा महिन्यांनी त्यानं तेल सोडलं असतं तर ते बदलायला हा अख्खा दिवस पुन्हा विकत घ्यावा लागला असता, आणि तेल लागलेली नवी प्लेटही फेकावी लागली असती.

खरा प्रश्न फ्लायव्हीलचा, म्हणजे क्लच ज्यावर बसतो त्या जड चाकाचा होता. आजच्या बहुतेक डिझेल व्हॅनमध्ये दुहेरी फ्लायव्हील असतं. दोन जड चकत्या आणि त्यांच्या मध्ये वाकवून बसवलेल्या लांब स्प्रिंगा. इंजिनाचे धक्के त्या स्प्रिंगा गिळतात आणि गिअरबॉक्सकडे शांत फिरकी जाते. १९८५ मध्ये ही रचना मोटारींत आली आणि डिझेल गाड्यांचा खडखडाट बराच कमी झाला. पण या स्प्रिंगाही थकतात. काकांनी बाहेरची चकती हातानं फिरवून दाखवली. स्प्रिंगेचा ताण लागायच्या आधी ती नुसतीच, पोकळ, बरीच फिरली. मग त्यांनी ती कडेनं दाबून हलवली तर कट-कट वाजली. बंद करताना इंजिनातून येणारा जो ठोका मी तीन आठवडे ऐकत होते, तो हाच. नवं फ्लायव्हील क्लचच्या पूर्ण संचाहून महाग होतं. बिल जवळपास दुप्पट होणार होतं. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी फोन करून बदला म्हटलं. आजही तो निर्णय बरोबर वाटतो. जुनं फ्लायव्हील आणखी वर्षभर चाललंही असतं, पण ते जेव्हा जातं तेव्हा गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरतो.

त्या दिवसापासून मी दुरुस्तीचं बिल वेगळ्या नजरेनं वाचते. कुठली वस्तू महाग आणि कुठली स्वस्त हे आधी बघत नाही. ती कशाच्या मागे बसली आहे हे बघते. जे भाग एकाच खोलण्यात हाताला लागतात, त्यांचं आयुष्य एकत्र मोजावं आणि ते एकत्रच बदलावेत.

उलट्या बाजूची चूकही मी होताना पाहिली आहे. एक भाग गेला म्हणून घाबरून गाडीभर नवं सामान घालायचं. माझ्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बोलायला लागलं तेव्हा हा मोह मलाही झाला. आवाज म्हणजे घोंगावणं, ताशी ४० च्या पुढे सुरू होणारं, वेगाबरोबर चढत जाणारं. असाच आवाज वेडेवाकडे झिजलेले टायरही देतात, म्हणून मी आधी पुढचे टायर मागे टाकून पाहिले. आवाज हलला नाही. मग लांब उजव्या वळणावर कान दिले. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, आणि तिथेच घोंगावणं वाढलं. डावं बेअरिंग बदललं. उजवं गप्प होतं, त्याला हात लावू दिला नाही. डावं उघडलं म्हणून उजव्याची मजुरी वाचत नाही, आणि बेअरिंग जाण्याआधी बराच काळ सांगत असतं. जे सांगतं त्याची वाट बघता येते. ऐकल्यावर मात्र टाळू नये, कारण पूर्ण सैल झालेलं बेअरिंग हबला आणि शेवटी चाकालाही घेऊन जातं.

टायमिंग बेल्ट काहीच सांगत नाही. बहुतेक वेळा तो एकही आवाज न करता तुटतो. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला ४० वेळा फिरतो, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम त्याच्या निम्म्यानं, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २० वेळा खाली येऊन वर जातो. पिस्टन वर येईपर्यंत व्हॉल्व्हनं जागा सोडलेली असली पाहिजे, आणि ही वेळ सांभाळतो तो एक दातेरी रबरी पट्टा. तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागतो, कधी इंजिनच बदलावं लागतं. म्हणून बेल्टच्या बाबतीत मी कानाऐवजी कागदावर विश्वास ठेवते. कंपनीच्या पुस्तकात त्याची मुदत किलोमीटरमध्येही असते आणि वर्षांतही, कारण न चालवताही रबर म्हातारं होतं. जी मुदत आधी येईल ती खरी. विकणारा म्हणाला होता, "बेल्ट बदललाय." बिल नव्हतं. पहिल्याच महिन्यात बेल्ट, त्याला ताणून आणि वळवून धरणारे टेन्शनर-आयडलर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप असं सगळं एकदम बदललं. पंप तेव्हा गळत नव्हता. पण तो गळला असता तर ओला बेल्टही फेकावा लागला असता.

काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते. ती आधी बोलते. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही क्षण साखळी ओढल्यासारखा खळखळाट ऐकू येतो. तो ऐकून पुढे ढकलू नये.

इंजेक्टरची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या भागाची, गोष्ट मात्र मला सावकाश सांगायची आहे, कारण त्यात मी शहाणी झाले. थंडीतल्या एका सकाळी बॉनेटखालून चक्-चक्-चक् असा आवाज येत होता, इंजिनाच्या तालात. आत केबिनमध्ये धुराचा, किंचित आंबट वास. काकांनी वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर दुसऱ्या इंजेक्टरच्या बुंध्याशी काळा डोंगर साचलेला. दिसायला डांबर, हाताला कोळसा. स्क्रूड्रायव्हरनं टोकलं तर काचेसारखा तुकडा उडाला. इंजेक्टरच्या तळाशी तांब्याचं एक वॉशर असतं, बोटाच्या नखाएवढं. ज्वलनाचा वायू वर येऊ न देणं एवढंच त्याचं काम. ते एकदाच वापरायचं असतं. घट्ट करताना तांबं दबून जागेचा आकार घेतं, आणि पुन्हा तेच बसवलं तर नीट सील होत नाही. कधीतरी कुणीतरी जुनंच वॉशर परत बसवलं होतं.

रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ सालच्या इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या झोतानं सिलिंडरमध्ये फुंकलं जायचं. १९९७ मध्ये कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबलेलं इंधन) प्रवासी मोटारींत आलं तेव्हा इंधनाचा दाब १,३५० बारच्या घरात होता, आज तो २,००० च्या वर जातो. व्हॅनच्या टायरमध्ये चार-साडेचार बार हवा असते, त्यावरून अंदाज यावा. इतक्या दाबावर काम करणाऱ्या इंजेक्टरच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. म्हणूनच तो महाग, आणि म्हणूनच त्याला घाणेरडं इंधन, टाकीच्या तळाचं पाणी, पुढे ढकललेला फिल्टर यांतलं काहीही सोसत नाही. आणि अशा नाजूक वस्तूच्या बुंध्याशी महिनोन्महिने काजळी शिजत होती.

काकांनी घाई केली नाही. ते डांबर मऊ करणारं तेल ओतलं, दहा मिनिटं इंजिन चालवलं, पुन्हा ओतलं, आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी बाहेर ओढणाऱ्या सरकत्या हातोडीनं छोटे छोटे ठोके. मोठा एकही नाही. चाळिसाव्या की पन्नासाव्या ठोक्याला इंजेक्टर किंचित फिरला, आणि काकांनी पहिल्यांदा मान वर केली. मग खालची जागा हाताच्या कटरनं साफ, आत कचरा जाऊ नये म्हणून भोकात ग्रीस लावलेलं कापड, नवं वॉशर, नवा बोल्ट, टॉर्क रेंचनं मोजून घट्ट. बिलात वॉशरची किंमत वेगळी लिहावी इतकीही नव्हती. बाकी सगळी दीड दिवसाची मजुरी.

मी दोन महिने आणखी चालवली असती तर वायूनं बसायची जागाच खाल्ली असती. त्यानंतर इंजेक्टर ओढताना तुटला असता. त्यानंतर हेड. वॉशर, जागा, इंजेक्टर, हेड अशी एकेक पायरी चढत जाणारी ही दुरुस्ती आहे, आणि प्रत्येक पायरीवर आकडा काही पटींनी वाढतो. म्हणून आता महिन्यातून एकदा मी ते झाकण काढून चारही बुंधे बघते. पाच मिनिटं लागतात.

ब्रेकबद्दल थोडक्यात. माझी व्हॅन रिकामी दोन टनांची, पूर्ण भरल्यावर साडेतीन टनांची. त्याच वेगावरून थांबवायला ब्रेकना पावणेदोन पट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. रिकामी गाडी ६० ऐवजी ८० नं चालवली तरी जवळपास तेवढाच फरक पडतो, कारण वेगाचा वर्ग होतो. भरलेली आणि ८० नं चाललेली असेल तर दोन्ही गुणले जातात, तिपटीच्या वर. पॅड झिजणारच. पण एकच पॅड लोखंडापर्यंत आणि शेजारचा जाडजूड असेल, तर दोष पॅडचा नसतो. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकलेल्या असतात. त्या साफ करून योग्य ग्रीस लावायला अगदी थोडा खर्च येतो. नुसते पॅड बदलले तर चार महिन्यांत तीच गत.

माझा सगळ्यात जास्त पैसा वाया गेला तो गाडीच्या विजेच्या कामात. गाडी सुरू होताना स्टार्टर कण्हायचा, डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागायचे, कधी स्टिअरिंगचा, कधी ब्रेकचा. मी कुणाला न विचारता नवी बॅटरी आणली. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. काकांनी मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. तिथे फार तर पाव-अर्धा व्होल्ट दिसायला हवा. दिसले दोन. स्टार्टर ४०० अँपिअर ओढत असेल तर एका ओहमच्या दोनशेव्या भागाइतका अडथळाही दोन व्होल्ट खातो, आणि बारा व्होल्टांच्या संसारात दोन व्होल्ट म्हणजे खूप. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी खालून हिरवी होऊन भुगा झाली होती. पट्टी बदलायला वीस मिनिटं. जुनी बॅटरी ठणठणीत होती.

दोष शोधणं हेसुद्धा काम आहे आणि त्याची मजुरी दिली पाहिजे, हे मी तेव्हा मान्य केलं. स्कॅनर लावला की दोषाचा कोड येतो. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब कमी पडतोय असा कोड आला म्हणून लोक टर्बो बदलतात, आणि फाटलेला असतो तो रबरी पाइप. गाडी ओढत नाही, दाबल्यावर फुस्स आवाज येतो, पाइपच्या खालच्या बाजूला तेलकट चीर असते. कोड फक्त सांगतो की कुठल्या सेन्सरला काय वाईट दिसलं. का दिसलं हे माणसानं शोधायचं असतं. जो मेकॅनिक तासभर मोजमाप करून "काहीच बदलायची गरज नाही" म्हणतो, त्याच्या त्या तासाचे पैसे मी आनंदानं देते.

काजळीच्या फिल्टरचं दुखणं मात्र गाडीपेक्षा तिच्या कामाचं आहे. धुरातली काजळी हा फिल्टर धरून ठेवतो आणि मग सहाशे अंशांच्या आसपास तापून जाळून टाकतो. शहरात थांबत चालणाऱ्या डिझेलचा धूर एवढा तापतच नाही. संगणक जादा इंधन देऊन तापवायला बघतो, तेवढ्यात आपण पोचतो आणि किल्ली बंद करतो. ते अर्धवट इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ते डिझेल आहे, आणि पातळ झालेलं तेल टर्बोच्या बेअरिंगना मारतं. मी आठवड्यातून एकदा तरी एक लांब फेरी लावते, सलग अर्धा तास, इंजिन जरा वरच्या फेऱ्यांवर ठेवून. फिल्टर अजून मूळचाच आहे.

दोन वर्षं झाली. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे. तारीख, किलोमीटर, काय खोललं, आत आणखी काय दिसलं, काय तसंच ठेवलं. "काय तसंच ठेवलं" हा रकाना मला सगळ्यात उपयोगी पडतो. लोक विचारतात, एवढा खर्च झाला, त्यात दुसरी नसती का आली? आली असती, पण तिच्या आत काय आहे हे मला माहीत नसतं. या गाडीचा क्लच, बेल्ट, पंप, डावं बेअरिंग, दुसरा इंजेक्टर कधी झाला हे मी तारखेनिशी सांगू शकते. उद्या चॅसीला गंज लागला तर मी थांबेन, त्याआधी नाही.

या आठवड्यात पुढून नवा आवाज आला आहे. हळू वेगात, एकच चाक खड्ड्यात गेलं की टक्. दोन्ही चाकं एकदम गेली तर काही नाही. म्हणजे स्टॅबिलायझरची, गाडीला वळणावर कलू न देणाऱ्या दांड्याची, लिंक, कारण तिला दोन चाकांच्या वरखाली होण्यातला फरक लागतो. चाक काढलं की दोन नट, मागे काहीच लपलेलं नाही, हे काम माझं मी करू शकते. नवी लिंक शेजारच्या सीटवर कागदात गुंडाळून ठेवली आहे. मघाशी टॉर्च घेऊन खाली बसले, तारेच्या ब्रशनं जुन्या नटांचे आटे घासले आणि तेल फवारलं. सकाळपर्यंत मुरेल.